उल्हासनगरी प्रत : व्हिडिओ लायब्ररीचे स्मरणरंजन आणि आपले वाङ्मयीन सोवळे

१

मराठी ललित गद्याचा एक उपप्रकार अलीकडच्या काळात चांगलाच फोफावला आहे. दिवाळी अंकांत तो हमखास सापडतो, रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून डोकावतो. लेखक चाळिशी ओलांडलेला असतो. त्याच्या बालपणी कोपऱ्यावर एक व्हिडिओ लायब्ररी असते. तिचा मालक हसतमुख असतो आणि सगळी मुले त्याला ‘अंकल’ म्हणतात. शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने येतो, अख्खी चाळ एका खोलीत दाटीवाटीने बसते, तीन चित्रपट पाहून पहाटे सगळे डोळे चोळत आपापल्या घरी जातात. शेवटच्या परिच्छेदात लेखक हातातल्या फोनकडे पाहून उसासा टाकतो : आता हवा तो चित्रपट हवा तेव्हा मिळतो, पण ती मजा गेली. लेख संपतो. विषयही संपतो.

या लेखनाच्या हळवेपणाला माझा आक्षेप नाही. हळवेपणावर मराठीत कोणी कधी जकात बसवलेली नाही. आक्षेप असा आहे की हे लेखन स्मरणाचा आव आणून विस्मरणाचे काम करते. ज्या गोष्टींमुळे व्हिडिओ लायब्ररी ही एक सामाजिक संस्था होती, त्या सगळ्या गोष्टी, म्हणजे पैसा, अनामत, भाषा, चोरी, बसण्याची जागा, हे लेखन धुऊन काढते आणि उरलेल्या पाण्याला ‘आठवण’ म्हणते.

दुसऱ्या बाजूला आपला वाङ्मयीन वर्ग आहे. ‘व्हिडिओने वाचनसंस्कृती बुडवली’ हे वाक्य ऐंशीच्या दशकापासून व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याला पुरावा मागण्याची कोणाला गरज वाटली नाही. एका पक्षाला व्हिडिओ लायब्ररी गोड वाटते, दुसऱ्याला गलिच्छ. विचार करण्याजोगी ती दोघांनाही वाटत नाही, आणि या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे संपूर्ण मतैक्य आहे.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही जी तीन गावे आहेत, तेथील व्हिडिओ लायब्ररी ही फिरत्या वाचनालयाची थेट वारस होती. तिचा इतिहास लिहिणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. आणि हे काम करायला आता फार थोडा अवधी उरला आहे.

२

‘लायब्ररी’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला दावा आपल्या लक्षात येत नाही. कॅसेटी भाड्याने देणाऱ्या दुकानाला लोकांनी दुकान म्हटले नाही, लायब्ररी म्हटले. हा विनोद नव्हता. मुंबईतील ‘शेमारू’ ही संस्था १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारी लायब्ररी म्हणूनच सुरू झाली होती. १९७९ साली तिने व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. म्हणजे वारसा केवळ शब्दाचा नव्हता. अनामत, नोंदवही, परतीची मुदत, उशिराचा दंड, ‘बाहेर गेली आहे, उद्या या’ हे उत्तर : ही सगळी रीत पुस्तकाकडून कॅसेटकडे जशीच्या तशी आली.

या परिसरात वाचनालयाची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. परंतु त्या प्रतिष्ठित परंपरेला समांतर अशी दुसरी एक परंपरा होती. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या छोट्या दुकानांतून नाममात्र भाड्याने मिळत, त्या दुकानांची. त्या पुस्तकांची वेष्टने मळलेली, पाने दुमडलेली, शेवटचे पान बहुधा फाटलेले. त्या काळच्या साहित्यविचाराने त्या दुकानांकडे नाक मुरडूनच पाहिले. आज अर्नाळकरांविषयी आदराने लिहिले जाते, कारण धोका टळला आहे : आता कोणाचाही मुलगा ‘काळा पहाड’ वाचून बिघडणार नाही. व्हिडिओ लायब्ररीच्या वाट्याला हा उशिराचा आदर तरी येईल का, हा प्रश्न आहे. कारण पुस्तक फाटले तरी वाचता येते, टेपला बुरशी लागली की काहीच उरत नाही.

तिन्ही गावांची घडण लक्षात घेतल्याशिवाय ही संस्था समजणार नाही. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे, ‘कल्याण कॅम्प’चे, पुनर्वसन. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित तेथील बराकींत आले. १९४९ साली गावाला नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले, पण पत्ते आजही कॅम्प नंबरानेच सांगितले जातात. अंबरनाथ हे एकीकडे १०६० सालच्या शिलालेखाचे शिवालय आणि दुसरीकडे काडेपेटीचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी व रासायनिक उद्योग असे कामगारांचे गाव. बदलापूर हे मुंबईत घर न परवडणाऱ्या मराठी नोकरदाराचे गाव. या तीन गावांना जोडणाऱ्या दोन गोष्टी होत्या, लोकल गाडी आणि उधारी. व्हिडिओ लायब्ररी ही तिसरी.

मी वाढलो अंबरनाथला. आमच्या भागातला दुकानदार आठवड्यातून दोनदा गाडीने उल्हासनगरला जाई आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन येई. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या मागोमाग व्हीसीआर आला, आणि दशक संपेपर्यंत कॅसेटचे एका दिवसाचे भाडे दहा रुपये, टीव्हीसह व्हीसीआरचे एका रात्रीचे भाडे शंभर-सव्वाशे, असा दर आमच्याकडे स्थिरावला होता. कामगाराच्या तेव्हाच्या पगाराशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे ‘अख्खी चाळ एकत्र बसायची’ या वाक्याचा उलगडा होतो. चाळ एकत्र बसे, कारण चाळीने वर्गणी काढलेली असे.

३

वर्गणी म्हटली की हिशेब आला, आणि हिशेब आला की उतरंड आली. स्मरणरंजनाला नेमके हेच नको असते.

ज्याच्या घरी टीव्ही ठेवला जाई ते कुटुंब खाटेवर बसे. वर्गणी दिलेले जमिनीवर, सतरंजीवर. वर्गणी न दिलेल्यांची मुले दाराशी उभी राहात. आणि चाळीच्या मागच्या वस्तीतली मुले खिडकीच्या गजांना धरून बाहेरून पाहात. खिडकी उघडी ठेवणे हे औदार्य मानले जाई. पावसाची सर आली की खिडकी लावून घेतली जाई, आणि तेव्हा कोणाच्या बालपणीच्या आठवणीत कोणता चित्रपट अर्धाच राहिला असेल याची नोंद आजच्या एकाही गोड लेखात मला दिसत नाही. आठवणी लिहिणारे सगळे सतरंजीवरचे. खिडकीबाहेरच्यांनी अजून लिहायला घेतलेले नाही. त्यांनी लिहिले तर ‘ती मजा’ हा शब्दप्रयोग ते त्याच अर्थाने वापरतील असे मला वाटत नाही.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे स्त्रियांची दुपार. रात्रीचे तीन चित्रपट कोणते हे पुरुष ठरवीत. देमार चित्रपट त्यांत हमखास असे. पण मशीन सकाळी दहाच्या आत परत करण्याची मुदत दुकानदाराला सांगून दुपारपर्यंत वाढवून घेण्याचे काम बायका करीत. घरातले पुरुष पहिल्या पाळीला गेले की चौथी कॅसेट लागे. ती कधी मराठी कौटुंबिक चित्रपटाची असे, कधी जुन्या हिंदी चित्रपटाची. चित्रपटगृहात एकटीने जाणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी ही दुपार म्हणजे स्वतः निवडलेला पहिला चित्रपट होता. मराठी स्त्रीवाचकाच्या जडणघडणीविषयी आपल्याकडे पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. स्त्रीप्रेक्षकाची ही दुपार मात्र त्यात आलेली नाही, कारण तिचा पुरावा एखाद्या दुकानदाराच्या वहीत होता आणि वही रद्दीत गेली.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उल्हासनगरहून येणाऱ्या पिशवीत हिंदी आणि मराठी चित्रपटांबरोबर पाकिस्तानी नाटकेही असत. ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ या कराचीत घडलेल्या मालिका आणि उमर शरीफ यांचे १९८९चे ‘बकरा क़िस्तों पे’ हे रंगमंचीय विनोदी नाटक भारतभर कॅसेटवरून पाहिले गेले. अधिकृत मार्ग कोणताच नव्हता. आता क्षणभर उल्हासनगरचा विचार करा. जे लोक १९४७-४८ मध्ये कराची सोडून बराकींत आले, त्यांच्या घरात चाळीस वर्षांनी कराचीचा नट कराचीच्या बोलीत विनोद करू लागला. सीमा ओलांडायला माणसाला व्हिसा लागे, टेपला लागत नसे. आणि त्याच कॅसेटी एका मराठी कामगाराच्या घरी, अंबरनाथला, आदल्या रात्री किंवा नंतरच्या रात्री वाजत. सिंधीला १९६७ साली आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. शेजारच्या मराठी माणसाच्या मनात तिला स्थान मिळाले असेल तर ते या देवाणघेवाणीतून, दुकानाच्या फळीवर. आम्ही सिंधी आकडे कॅसेटच्या भाड्यावरून शिकलो. सांस्कृतिक आदानप्रदान या विषयावर चर्चासत्रे घेणाऱ्यांनी याहून निखळ उदाहरण दाखवावे.

आणि केवळ करमणूकच नव्हे. वृत्तदर्शनावर सरकारी दूरदर्शनची मक्तेदारी होती त्या काळात, १९८८पासून, ‘न्यूजट्रॅक’ हे व्हिडिओ नियतकालिक कॅसेटवर निघू लागले. विनीत नारायण यांचे ‘कालचक्र’ त्याच वाटेने आले. १९९०च्या मंडल आंदोलनाची दूरदर्शनने न दाखवलेली दृश्ये अनेकांनी भाड्याच्या कॅसेटवर पाहिली. या देशातील पहिली खासगी दूरचित्र-पत्रकारिता ज्या वितरणव्यवस्थेवर उभी राहिली ती व्यवस्था म्हणजे कोपऱ्यावरचा हा ‘अंकल’. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याविषयी लिहिणाऱ्यांनी निदान एवढे तरी लिहावे.

४

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. ‘हे सगळे ठीक, पण तो धंदा चोरीचा होता’ असे म्हटले जाईल. होय, बऱ्याच अंशी होता. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी त्याची कॅसेट फिरे, आणि त्यात निर्मात्याबरोबर लहानसहान तंत्रज्ञांचेही नुकसान होई. हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे अशी कैदेची तरतूद आली, कॅसेटच्या वेष्टनावर हक्कधारकाचा आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील छापणे बंधनकारक झाले. योगायोग असा की त्याच १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनीच्या खटल्यात, घरी बसून दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सोयीने पाहण्यासाठी टेप करणे हा गुन्हा नाही, असा निर्णय दिला. पुढे महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकले. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ साली जो कायदा झाला होता, त्याच्या यादीत २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ही बसवला गेला. ज्या माणसाला ललित लेखक ‘अंकल’ म्हणतो त्याच्या धंदाबंधूला राज्याने हातभट्टीवाल्याच्या पंक्तीला बसवले. या दोन नावांमधल्या अंतरात एक मोठी कादंबरी बसेल.

माझा प्रश्न कायद्याचा नाही. प्रश्न सोवळ्याचा आहे. मराठीत ‘उल्हासनगरी माल’ म्हणजे नकली माल. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे, आणि बहुतेकांनी सांगितलाही आहे. निर्वासित म्हणून हाती काही नसताना आलेल्या लोकांनी घरोघरी छोटे कारखाने काढले, त्या कष्टाची संभावना आपण एका विनोदात केली. गंमत अशी की हा विनोद करणारा मध्यमवर्ग उल्हासनगरी कॅसेटवरच जगाचा सिनेमा पाहात होता. नकलेला हसायचे आणि नकलेवरच जगायचे, ही आपली रीत.

आणि नकलेचे, प्रतीचे, आपल्याला वावडे कधीपासून झाले? मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी हे विचारायला हवे. छापखाना येईपर्यंत आपले सगळे वाङ्मय नकलेवर जगले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ साचले म्हणून एकनाथांना १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अपपाठ साचले, याचा अर्थ लोक उतरवून घेत होते. आणि उतरवून घेत होते म्हणूनच शुद्ध करायला काही शिल्लक होते. अर्वाचीन काळात या. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदींनी ‘शब्द’ काढले तेव्हा ते सायक्लोस्टाइल केलेले होते. पसरलेली शाई, पुसट अक्षरे, मोजक्या प्रती. लघुअनियतकालिकांची ती पुसट अक्षरे आज आपण संशोधनाचा विषय करतो, आणि योग्यच करतो. मग चौथ्या पिढीच्या कॅसेटवरचे पुसट चित्र हे केवळ दारिद्र्याचे लक्षण कसे ठरते? वॉल्टर बेंजामिनचा यांत्रिक पुनरुत्पादनावरचा निबंध आपल्या प्रत्येक चर्चासत्रात हजेरी लावतो. तो कर्जत गाडीत बसून उल्हासनगरला कधी उतरत नाही.

मी तर पुढे जाऊन म्हणेन की या कॅसेटींना पाठचिकित्सेची गरज आहे. उपरोधाने म्हणत नाही. नेहमीची कॅसेट तीन तासांची असे. चित्रपट त्याहून लांब असला की गाणी कापली जात, कधी एखादे उपकथानकच गळून पडे. कॅसेट काढणाऱ्या कंपन्या पडद्याच्या तळाशी साबणाच्या नि अगरबत्तीच्या जाहिराती सरकवीत. नायकाची आई मरत असताना तिच्या चेहऱ्याखालून दातांच्या पावडरीची जाहिरात धावे. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी करताना रंग उडत, आवाज घोगरा होई. म्हणजे अंबरनाथने पाहिलेला चित्रपट आणि दादरच्या चित्रपटगृहाने पाहिलेला चित्रपट हे एकाच संहितेचे दोन पाठ होते. पोथीच्या बाबतीत आपण पाठभेदांचा तक्ता करतो, समासातील टीपांवरून लेखनिकाचा प्रदेश ओळखतो. कॅसेटच्या तळाशी धावणारी जाहिरात ही तशीच समासातली टीप आहे. शास्त्र आपल्याकडे आहे. इच्छा नाही.

प्रतीने काय वाचवले याची दोन उदाहरणे देतो. मुर्नाऊचा १९२२चा ‘नोस्फेरातू’ हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने केलेल्या दाव्यानंतर न्यायालयाच्या हुकुमाने नष्ट व्हायचा होता. इतरत्र पांगलेल्या प्रतींमुळे तो उरला, आणि आज तो जागतिक चित्रपटाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६०च्या दशकातील कितीतरी भाग खुद्द बीबीसीने जागा आणि पैसा वाचवण्यासाठी पुसून टाकले. त्या गहाळ भागांचा ध्वनी आज ऐकता येतो तो घरबसल्या ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्या प्रेक्षकांमुळे. संस्थेने पुसले, हौशी माणसाने राखले. आपल्याकडे २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या जुन्या प्रतींना आग लागली तेव्हा मूळ प्रत एकाच ठिकाणी ठेवण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. मूळ प्रतीची पूजा करणाऱ्या संस्कृतीने एकदा स्वतःला विचारावे की तिच्या घरातल्या मूळ प्रती किती उरल्या.

५

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की साहित्याचा शिक्षक सहसा घड्याळाकडे पाहतो. तरीही थोडे लिहितो, कारण त्याच दुकानात, कॅसेटींच्या शेजारच्या फळीवर, नव्वदच्या दशकात गेमच्या पट्ट्या आल्या. जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी विकल्या जात. यंत्र विकत घेणे परवडणारे थोडे. बाकीचे दुकानातच तासाच्या हिशेबाने खेळत, किंवा पट्टी रात्रभरासाठी भाड्याने नेत. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ही दोन नावे तिन्ही गावांतल्या त्या पिढीला पाठ आहेत. पट्टी चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा विधी कोणी शिकवला हे कोणालाच सांगता येत नाही. लोकविद्या म्हणतात ती हीच.

यात साहित्याचा काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध असा : घरचे यंत्र असलेल्या मुलासाठी खेळ अमर्याद होता, तासाच्या भाड्याने खेळणाऱ्यासाठी तो मोजका. पहिला मुलगा हरला की पुन्हा सुरू करी. दुसऱ्याने हरणे म्हणजे पैसे जाणे. म्हणून दुसरा मुलगा आधी अर्धा तास मागे उभा राहून दुसऱ्यांचा खेळ पाही, कोणत्या वळणावर शत्रू येतो ते पाठ करी, आणि मगच पैसे टाकी. पाहणे हा त्याचा अभ्यास होता. कथनाची रचना, पुनरावृत्ती, अपेक्षाभंग यांविषयी आपण वर्गात जे शिकवतो ते तो उभ्याने शिकला. एकाच संहितेचे वाचन वर्ग कसा बदलतो याचा हा धडा आहे. वाचककेंद्री समीक्षेची परदेशी नावे घोकणाऱ्यांना तो फुकट मिळत होता.

‘पण वाचन सुटले’ हा विलाप मी मानत नाही. आमच्या दुकानात कॅसेटींच्या खालच्या फळीवर ‘इंद्रजाल’ आणि ‘चाचा चौधरी’ यांचे जुने अंक भाड्याने मिळत. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० साली बंद पडल्यावरही ते फिरत राहिले. कॅसेट घ्यायला गेलेला मुलगा कॉमिक घेऊन येई, कारण ते स्वस्त असे. वाचन सुटले असेल तर ते सार्वजनिक वाचनालये कार्यालयीन वेळेत उघडी आणि लोकलच्या वेळेत बंद राहिल्यामुळे सुटले. व्हिडिओ लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली तिला एका पैशाचे अनुदान नव्हते.

६

ही संस्था कशी संपली याबद्दलही स्मरणरंजनाने एक दंतकथा पसरवली आहे : इंटरनेट आले आणि ती गेली. खरे तर ती त्याच्या कितीतरी आधी खंगली होती. १९९१-९२नंतर केबल आली, आणि अनेक ठिकाणी केबलची पहिली तार ओढणारा व्हिडिओ लायब्ररीवालाच होता. त्याने स्वतःच्या दुकानातली कॅसेट स्वतःच्या तारेवर लावली आणि स्वतःचेच गिऱ्हाईक घरी बसवले. मग व्हीसीडी आली. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना विकायला काढली, आणि भाड्याच्या तिपटीत मालकी मिळू लागल्यावर भाड्याला अर्थ उरला नाही. मधल्या काळात २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी या गावांत शिरले. पूर ओसरल्यावर तळमजल्यांवरून बाहेर फेकलेल्या वस्तूंच्या ढिगांत चिखलाने भरलेल्या कॅसेटी मी पाहिल्या आहेत. कोणी त्या उचलल्या नाहीत. उचलण्याजोग्या त्या वाटल्याच नाहीत.

त्या का वाटल्या नाहीत, याचे उत्तर बदलापुरातच मिळते. श्याम जोशी यांनी तेथे ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय उभे केले आणि जुनी, दुर्मीळ, इतरांनी टाकून दिलेली मराठी पुस्तके व नियतकालिके जमवली. मराठीचे अभ्यासक त्यासाठी बदलापूरची गाडी पकडतात. एका माणसाने ठरवले की रद्दीतले पुस्तक हे रद्दी नाही, आणि ते तसे ठरले. वस्तूचे मोल तिच्यात नसते, कोणी तरी ती उचलण्यात असते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. त्याच गावातल्या कॅसेटींच्या वाट्याला असा कोणी आला नाही, कारण पुस्तक राखणे ही संस्कृती आणि कॅसेट राखणे हा कचरा, ही विभागणी आपण, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या लोकांनी केली. दुकानदाराने केली नाही.

चुंबकीय टेपचे आयुष्य मर्यादित असते. तिच्यावरचा थर सुटतो, बुरशी धरते, आणि ती वाजवणारी यंत्रेही नाहीशी होतात. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. युनेस्कोने २०१९ साली ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर जगभर इशारा दिला तेव्हा २०२५ हे वर्ष धोक्याची रेषा म्हणून धरले होते. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाविद्यालयांच्या मराठी, हिंदी आणि सिंधी विभागांनी मिळून एक वर्षभर एवढेच करावे : ज्यांनी लायब्ररी चालवली ते वृद्ध दुकानदार हयात आहेत तोवर त्यांच्या मुलाखती घ्याव्यात; कोणाच्या माळ्यावर नोंदवह्या असतील तर त्यांची छायाचित्रे काढावीत; लग्नांच्या, नाटकांच्या, गणेशोत्सवातील कार्यक्रमांच्या घरगुती कॅसेटी उतरवून घ्याव्यात, कारण व्यावसायिक चित्रपट कुठे ना कुठे सापडेल, कामगार वसाहतीतील एकांकिका दुसरीकडे कुठेही नाही. आणि खिडकीबाहेर उभे असलेल्यांना लिहिते करावे. पदवीच्या प्रकल्पांना विषय मिळत नाहीत अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. हा विषय विद्यार्थ्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

नोंदवहीबद्दल एक अखेरचे सांगतो. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपली नेहमीची अडचण अशी की काय लिहिले गेले ते आपल्याला ठाऊक असते, काय वाचले गेले ते ठाऊक नसते. आवृत्त्यांचे आकडे फसवे असतात, पुरस्कारांच्या याद्या तर अधिकच. व्हिडिओ लायब्ररीच्या वहीत तारीख होती, घर होते, निवड होती आणि परत आणून द्यायला झालेला उशीर होता. एका कामगार वस्तीने दहा वर्षांत कोणत्या कथा पुन्हा पुन्हा मागितल्या याची इतकी तपशीलवार, इतकी निःस्वार्थ नोंद दुसऱ्या कुठल्या संस्थेने ठेवली असेल असे मला वाटत नाही. तशी नोंद आज ठेवली जाते, पण ती दूरदेशीच्या कंपन्यांच्या संगणकात असते आणि आपल्याला पाहायला मिळत नाही. जी आपल्या हातात होती ती आपण किलोच्या भावाने घातली, आणि आता ‘ती मजा गेली’ म्हणून लेख लिहितो आहोत.

मतभेद असणाऱ्यांनी जरूर लिहावे. फक्त लिहिण्याआधी आपापल्या माळ्यावर एकदा पाहून यावे.